माझ्या लेकाचा हात

मित्रांनो, थर्स्टन गाडीवाल्याच्या तोंडाला लगाम म्हणून नाही. बैल अडला की "देवाच्या हाडांची शपथ!" बिअर पातळ निघाली की "देवाच्या जखमांची शपथ!" फाशात हरला तर देवाचे डोळे, नखं, काळीज, काही म्हणून सोडत नाही. आणि तो देव म्हणजे माझा लेक.

मी एक जुनी लाकडी माऊली आहे. ओडो सुताराने मला ओकच्या खोडातून कोरलं आणि क्रुसावरून उतरवलेला माझा लेक मांडीवर दिला. "रडकी नको करूस, कणखर कर," असं त्याची बायको म्हणाली, म्हणून माझा जबडा असा! इंग्लंडातल्या आमच्या खेड्याने मला चर्चमध्ये बसवलं. मेणबत्त्या लावल्या, पाया पडले. पुढे जळमटं धरली तरी कुणी बघेना.

मला अक्षर येत नाही, पण पाद्रीबाबांचं बोलणं पाठ आहे. शपथेत ज्या अवयवाचं नाव घ्याल, तो तुम्ही पुन्हा फाडता. सगळे माना डोलावतात, आणि दाराबाहेर पडले की सुरू!

गावात तंटा झाला की मात्र माझी आठवण. लेकाच्या हातावर हात ठेवून शपथ घ्यायची, ही इथली रीत.

परवा विधवा हॉविसची गाय थर्स्टनच्या गोठ्यात सापडली. हॉविसच्या घरी आईविना तान्ही नात, त्याच दुधावर जगलेली. गाव दोघांना माझ्यापुढे घेऊन आलं.

"अरे मेल्या, तिचा कान माझ्याच कुत्र्याने फाडलाय!" हॉविस ओरडली.

"थेरडे, गप्प! देवाच्या हातांची शपथ, गाय माझीच!"

त्याने लेकाचा हात धरून असा हिसका दिला की कोपरापासून तुटून मुठीत आला.

अख्खं गाव गुडघ्यांवर! पाद्रीबाबा म्हणाले, "चमत्कार!" कसला चमत्कार? कोपर किड्यांनी पोखरलं होतं. दहा वर्षांत तेलाचा एक बोळा फिरवला होता का कुणी? पण थर्स्टन पांढराफटक पडला, आणि गाय तासाभरात हॉविसच्या दारी पोचली.

आज तो सरस घेऊन आला. "माऊली, हात चिकटवून देतो. देवाच्या रक्ताची शपथ, पुन्हा कधी शपथ घेणार नाही!"

तेव्हा मात्र माझ्या लाकडी तोंडाला वाचा फुटली.

"थर्स्टन, सरस तिथंच ठेव आणि चालता हो. हात हॉविस जोडेल. तुझ्या हाती मी माझं पोर पुन्हा देणार नाही."