बुरुजावरचं नाव

आमचा गणराज कंपनीतून घरी येताना रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला अजिम आमच्या निघोज्याच्या खोलीवर आला. तो गणराजचा शाळेपासूनचा दोस्त. चाकणला त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे. जेवण झाल्यावर तो माझ्या मंडळीला, गोजाबाईला म्हणाला, "काकी, एक सांगू? दहावीच्या निकालाला आम्ही चाकणच्या किल्ल्यात गेलो होतो. अब्बांच्या गॅरेजमधून लाल ऑइलपेंट चोरला आणि बुरुजावर दोघांची नावं लिहिली. माझंही गणानंच लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालल्यागत."

"कुठल्या बुरुजावर?" गोजाबाईनं विचारलं.

"खंदकाच्या अंगाला. आतल्या बाजूनं."

"मला न्यायचं तिथं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली.

गणराजच्या हातचं घरात काहीच उरलं नव्हतं. खोली बदलताना त्याच्या वह्या मीच रद्दीत घातल्या होत्या. तेव्हा मला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या मरणाच्या कागदावर अंगठा उठवावा लागला, त्याची लाज वाटली, म्हणून बासष्टाव्या वर्षी दिपालीकडून, माझ्या मुलीकडून, अक्षरं शिकलो. मोबाइलमध्ये त्याचे फोटो आहेत. पण गोजाबाई म्हणते, फोटो मोबाइलनं काढला, त्यात त्याच्या हाताचं काय?

अजिम गेला. ती भांडी घासत होती आणि मी उंबऱ्यात बसून होतो. तो बुरुज मला चांगला माहीत होता.

गणराजची दहावी झाली त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, कोणी मोठे साहेब किल्ला बघायला यायचे होते. ठेकेदारानं आम्हा सात-आठ जणांना भिंती साफ करायला घेतलं. थिनर, तारेचा ब्रश आणि घासायचा दगड. बुरुजाची आतली बाजू माझ्या वाट्याला आली. मुकादम म्हणाला होता, "उद्धवराव, एक अक्षर दिसता कामा नये." मला कुठं अक्षरं कळत होती? लाल, पांढरं, निळं, जिथं रंग दिसेल तिथं घासायचं. तीन दिवस घासलं.

गोजाबाई तेव्हा माहेरी होती. शेवटच्या दिवशी रात्री घरी जेवताना मी म्हणालो होतो, "कुणाची गाढवं जाऊन एवढ्या जुन्या किल्ल्यावर रंग फासतात, कुणास ठाऊक." गणराज खाली मान घालून जेवत होता. त्यानं विचारलं, "सगळं पुसलं का, आबा?"

"सगळं."

"बरं झालं," म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

हे गोजाबाईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एखादा कोपरा सुटला असेल, उंचावर काही राहिलं असेल, असं मनाला सांगत राहिलो.

रविवारी शेअर रिक्षानं चाकणला गेलो. किल्ला गावाच्या मधेच आहे. तट बराचसा पडलाय, खंदकात झाडोरा माजलाय, पलीकडे इमारती. गोजाबाई चाकणला बाजाराला शेकडो वेळा आली असेल, पण आत कधी आली नव्हती. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आत शिरताना तिनं पायरीला हात लावून कपाळाला लावला.

"एवढासा किल्ला?" ती म्हणाली.

"लढला लई दिवस," मी म्हणालो. दारातल्या पाटीवर तसं लिहिलं होतं. मी ती मुद्दाम सावकाश वाचली, दोनदा. ती थांबेना, पुढं निघाली.

बुरुजाची आतली बाजू पुन्हा नावांनी भरली होती. आठ वर्षांत नवी पोरं आली होती. मी दगड न दगड बघितला. वर बघितलं, खाली गवत सारून बघितलं. एका चिऱ्याच्या सांदीत लाल ठिपका होता, नखाएवढा. तो कशाचाही असू शकत होता.

"सापडलं का?" ती मागून म्हणाली. तिचं विचारणं थांबेना. "अवो, सापडलं का?"

छातीच्या उंचीवर कुणीतरी 'सार्थक' असं लाल रंगात लिहिलं होतं. गोजाबाईला वाचता येत नाही. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे बघ."

ती जवळ आली. हात लावायच्या आधी तिनं डाव्या हाताच्या बांगड्या वर सारल्या. गणराज तीन वर्षांचा असताना जत्रेत तिनं त्याचं नाव मनगटावर गोंदवून घेतलं होतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं ते गोंदण माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिनं मनगट भिंतीला लावलं. एकदा हाताकडं, एकदा दगडाकडं बघितलं.

"हे न्हाई," ती म्हणाली. "तुमी आता शिकलात ना वाचायला?"

मी खाली बसलो. सगळं सांगितलं. मुकादम, थिनर, ब्रश, ते रात्रीचं जेवण. ती उभीच होती. शेजारून दोन पोरं फोटो काढत गेली. त्यांतला एक म्हणाला, "आजी, जरा बाजूला," आणि ती झाली बाजूला.

मग ती माझ्याजवळ टेकली.

"त्याला ठावं व्हतं? तुमी पुसलं ते?"

"व्हय."

"आन् काय म्हनला न्हाई."

"बरं झालं म्हनला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. पण ती रागावली नाही. माझ्याकडं वळली आणि अगदी हळू, एखादी वस्तू मागावी तसं म्हणाली, "मंग तुमी तरी बघितलंय ते. मी न्हाई बघितलं. कसं लिव्हलं व्हतं त्यानं? मोठं व्हतं? सरळ व्हतं? सांगा मला."

मी डोळे मिटले. तीन दिवस मी त्या भिंतीसमोर उभा होतो. माझ्या हाताखालून ते नाव गेलं होतं. मी आठवायला लागलो. ब्रश आठवला, थिनरचा वास आठवला, बोटांची सालं निघालेली आठवली. लाल रंग आठवला. तो पुष्कळ ठिकाणी होता.

"सांगा की," ती म्हणाली.

"मला तवा वाचता येत न्हवतं, गोजे," मी म्हणालो.