आत्याचे हँडल

हिवाळ्यातल्या सकाळी बनारसच्या पंचगंगा घाटावरचे धुके विरू लागले की आत्याची मोहरीच्या फुलांच्या रंगाची शाल आधी दिसे आणि तिचा चेहरा मागाहून उमटे. स्नान करून परतणाऱ्यांच्या संथ ओघात ती तेवढी लगबगीने पायऱ्या चढे. दूधविनायकातल्या आमच्या गल्लीत तिची ती रुंद, जड क्रूझर मोटारसायकल वळत नसे, म्हणून मैदागिनला एका स्नेह्यांच्या अंगणात ती उभी असे. विद्यापीठात व्याकरण शिकवणारी, अविवाहित, साठीकडे झुकलेली आत्या तिथे पोचे, इंजिनाचा मंद्र नाद अंगणभर घुमे, आणि तिच्या मुद्रेवरची सारी शास्त्रे मावळून एक कोवळे हसू उगवे.

एका श्रावणात ओल्या पायरीवरून ती घसरली. उजवा खांदा मोडला. शस्त्रक्रियेने हाड जुळले, पण हात पुढे पुरता पसरेना. हँडल जागच्या जागी असून क्षितिजासारखे दूर गेले. बाबा, तिचे धाकटे भाऊ, म्हणाले, "ताई, वीक आता ती गाडी. बनारसमध्ये रिक्षांना काय तोटा?"

"रिक्षात मी सामान असते रे," ती हळूच म्हणाली. "गाडीवर मी असते."

शरदातल्या एका पिवळ्या दुपारी ती मला घेऊन जगतगंजच्या दुकानात गेली. गाडी आधीच तिथे नेऊन ठेवली होती. भिंतीवर नाना वळणांची हँडले टांगलेली. त्यांच्या चकाकत्या अंगांवरून ऊन पाण्यासारखे ओघळत होते. दुकानदार सलीमभाई एकेक हँडल गाडीवर धरत आणि आत्या डोळे मिटून मुठी शोधी. पहिले फार उंच. "हे तर सूर्याला अर्घ्य देणं झालं!" म्हणून ती हसली, आणि हसता हसता कळवळली. दुसरे बुटके, सरळ. त्यासाठी पुढे वाकताना तिने ओठ दाताखाली धरला. मला वाटले, आता ही उठेल आणि पुन्हा कधी या गाडीकडे पाहणार नाही.

तिसऱ्याची टोके बसणाऱ्याच्या दिशेने ऐसपैस मागे वळलेली होती. तिचे हात त्यांवर विसावले, खांदे सैल झाले. ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

"दीदी, ठीक हौ न?" सलीमभाईंनी विचारले.

"यही लगा दीजिए," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, ओल्या डोळ्यांनी, "अगं, हे आपण होऊन माझ्याकडे आलं."

त्यानंतरचे काही हिवाळे आम्ही दोघींनी गंगेचा पूल ओलांडला. मी तिच्या पाठीला टेकलेली, खाली नदीचा रुपेरी विस्तार, दोन्ही कडांना मोहरी फुललेली. आणि पुढे ती, जणू कुणाशी निवांत बोलत बसावे तशी, कसलीही घाई नसलेली.

गेल्या चैत्रात ती झोपेतच गेली. गाडी तिच्या एका विद्यार्थिनीने मागून घेतली. ती न्यायला येण्यापूर्वी बाबा कधी नव्हे ते गाडीवर बसले. त्यांचे लांब हात त्या मुठींवर कोपरांत दुमडले, अवघडले. "ताईचे हात इतके आखूड झाले होते?" ते पुटपुटले, आणि उतरायचे विसरून तसेच बसून राहिले.

त्या क्षणी मला जाणवले, गेलेल्या माणसाच्या अभावालाही एक आकार असतो. काळ तो पुसतो खरा, पण आपल्यापैकी कुणी त्यात क्षणभर बसून पाहीपर्यंत थांबतो.