समजाबाई

कायद्याच्या मॅडम म्हणायच्या, "काहीही समजून चालू नका. सिद्ध करा." तास संपवून त्या बाहेर पडल्या की त्याच दारातून अर्थशास्त्राचे सर आत यायचे आणि खडू हातात घ्यायच्या आधीच म्हणायचे, "समजा."

एकाच पदवीत हे दोन्ही विषय, आणि पहिल्या वर्षाच्या त्या वर्गात पन्नाशीला टेकलेली मी. शिवणाचं दुकान सांभाळत, मुलांची पुस्तकं मशीनसमोर उभी करून जमेल तसं शिकलेली. वर्गातली पोरं मला काकू म्हणत. सर माझ्याहून चांगलेच लहान. ते पोरांना अरे-तुरे करत आणि मला मात्र "तुम्ही". त्या "तुम्ही"मुळे मला रोज आपण लग्नघरात चुकून शिरलेली पाहुणी आहोत असं वाटे.

नुसता कायदाच का नाही घेतला, असं पुष्कळांनी विचारलं. निकाल लागला की कोणाचं बरोबर ते कळतं. पण त्या निकालानंतर माणसं उद्यापासून वागणार कशी, हे मला जास्त खुणावायचं. म्हणून दोन्ही हवं होतं. फक्त त्यातलं एक माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"समजा, बाजारात दोनच माणसं आहेत," सर म्हणाले. "एकाकडे पाव, एकाकडे लोणी."

माझा हात वर. "सर, बाकीची कुठे गेली?"

"बाकीच्यांना सुट्टी दिलीय."

"या दोघांचं आपसात पटतं का?"

वर्ग हसला, सरही हसले. पण तासानंतर त्यांनी थांबवलं. "प्रश्न चांगले असतात तुमचे. पण तुम्ही माझ्या दोन माणसांना धड बसूच देत नाही. तोंडी परीक्षेत असं केलंत तर मला पास करता येणार नाही."

वर्षअखेरीची तोंडी परीक्षा सर आणि मॅडम मिळून घेत. तीत सरांच्या बाजूने नापास झालं की अर्थशास्त्र सुटायचं आणि नुसता कायदा हाती राहायचा. मी घरी येऊन दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या जोडल्या.

उजळणी करून घ्यायला माझी बाकावरची सोबतीण दुकानात येऊ लागली. तिचं दर दुसरं वाक्य "तरीपण"ने सुरू होई, म्हणून तिचं नावच तरीपण पडलं होतं.

"काकू, समजा म्हणजे 'धरून चाला'. तुम्ही 'समजून घ्या' असं धरता."

"अगं, पण जो माणूस नाहीच, त्याला धरू कुठे?"

"तरीपण धरा ना!"

आमचे हे कोपऱ्यात इस्त्री करत होते. त्यांनी खिळ्याला टांगलेल्या ब्लाउजच्या कागदी कटिंगकडे बोट दाखवलं. "अगं, इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. ही बाई कोण?"

"कोणी नाही. मधलं माप आहे ते. या मापाची बाई अजून दुकानात आलेली नाही."

"मग टांगलीय कशाला?"

"अहो, हिच्याशिवाय बेतणार कसं? आधी हिच्यावरून आखायचं. मग समोरच्या बाईचा खांदा उतरता असला तर उतरवायचा, कंबरेत..."

मी थांबले. तरीपण हातातली वही ठेवून माझ्याकडे बघत होती.

"काकू," ती म्हणाली, "ही तर समजाबाई!"

परीक्षेच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला मॅडम, दुसऱ्या टोकाला सर.

"समजा," सर म्हणाले, "एका इमारतीत वर शिवणाच्या मशीन चालतात. खाली डॉक्टर आहे. खडखडाटात त्याला पेशंटच्या छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. शांततेचा हक्क डॉक्टरला मिळाला तर काय होईल? आणि खडखडाटाचा हक्क वरच्यांना मिळाला तर?"

झाली ना पंचाईत! आमच्या दुकानाखाली व्हायोलिन शिकवणारे मास्तर राहतात. ते माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. मी त्यांना मागे ढकललं.

"आधी समजाबाईवर बेतते."

"कोण बाई?" मॅडमनी चष्मा वर केला.

"म्हणजे समजा, दोघांना एकमेकांशी बोलायला काहीच अडचण नाही. मग हक्क कोणालाही द्या, मशीन शेवटी जाईल तिथेच, जिथे दोघांचं मिळून नुकसान कमी. फक्त कोणी कोणाची मनधरणी करायची, तेवढं हक्काने ठरेल."

सरांनी मान हलवली. "आणि आता?"

"आता खांदा उतरवते. खरी माणसं बोलत नाहीत, सर. मी आणि आमचे खालचे मास्तर वर्षभर जिन्यात तोंड फिरवून जात होतो. आधी कोणी बोलायचं, यावर अडलेलं. मग त्यांच्या कोटाची बाही उसवली आणि त्यांना वर यावंच लागलं. त्याच दिवशी मशीन पलीकडच्या भिंतीला गेली."

"आणि बाही उसवलीच नाही तर?" मॅडम पुढे झुकल्या.

"तर हक्क कोणाचा हे फार महत्त्वाचं, मॅडम. मग तुमचा कायदा लागतो."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर खुर्चीतून अर्धे उठले होते. "समजलं की तुला!" ते ओरडले. "अगं, समजलं तुला! दोन्ही विषय चालू ठेव!"

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

बाहेर तरीपण उभी होती. मी तिला मिठी मारली तेव्हा ती पहिल्यांदाच "तरीपण" म्हणायची विसरली. घरी मी सगळं सांगितलं, तर ह्यांनी इस्त्री उभी केली.

"तुझ्याहून इतका लहान, आणि तुला अगं-तुगं करतो?"

"करू दे हो. त्यांनी मला विद्यार्थिनी समजलं."

खिळ्यावरची समजाबाई वाऱ्याने हलली. मी उठून तिची घडी नीट केली. तिचे, ह्यांचे, त्या पोरीचे, मास्तरांच्या बाहीचेसुद्धा, किती उपकार मानू? उद्यापासून दुसऱ्या वर्षाचं वाचन.