इन्शाच्या पाठवणीचे टायर

नाशिकरस्त्याला द्वारका चौकाच्या पुढं, जिथं ट्रकवाले चहाला थांबतात, तिथं लंकाबाईचं टायरचं दुकान आहे. नवरा, रंगनाथ, गेला तेव्हा शेजारपाजारच्यांना वाटलं होतं, बाई आता गाळा भाड्यानं देईल अन् घरी बसून जपमाळ ओढेल. बाईनं दिवसपाणी उरकलं, गल्ल्यामागची खुर्ची पुढं ओढली अन् बसली ती बसलीच. शाळेशी तिची फारशी ओळख नव्हती. आकडे मात्र कळायचे अन् तोंड तर असं चालायचं, की टायर बदलायला आलेला माणूस आधी खाली मान घालूनच उतरायचा.

"काय रे, ह्या गुळगुळीत टायरात तर आरशासारखं बघून दाढी करशील. बायकोपोरं बसतात ना ह्या गाडीत?"

लोक हसायचे अन् मुकाट्यानं टायर बदलायचे. कारण लंकाबाईनं सांगितलेलं माप चुकलंय असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. रिम आडवी टाकायची, ह्या काठापासून त्या काठापर्यंत वीत लावायची, पत्र्याच्या दोन्ही काठांचं मिळून एक बोट सोडायचं अन् टायर किती मिलीमीटर रुंद लागेल ते सांगून टाकायचं. ही रीत रंगनाथची. त्याच्या माघारी तिनं ती देवघरासारखी जपली होती.

घोटीचा नौशाद तिचं जुनं गिऱ्हाईक. सात माणसं बसतात तसली त्याची भाड्याची गाडी. तो त्या दिवशी आला तेव्हा मागं चार अलॉयच्या ओतीव रिमा टाकलेल्या होत्या, जुन्या बाजारातून आणून घासूनपुसून लख्ख केलेल्या.

"आक्का, इन्शाचं लग्न ठरलं. सिन्नरला दिली. पाठवणीला दुसऱ्याची गाडी कशाला? आपल्याच गाडीतून नेणार पोरीला. टायर असे टाका की सासरच्यांनी बघत राहावं. भरदार पायजेत."

"तुझ्या पोरीच्या लग्नाला काय हातगाडीचे टायर देईन का मी?" लंकाबाई खूष होऊन म्हणाली अन् तिनं रिमवर वीत लावली. बोट सोडलं. "दोनशे पंचवीस टाक. बसतोय आरामात."

तिची सून हर्षाली मागं बिलं करत बसली होती. लंकाबाईच्या मुलाशी, किशोरशी, लग्न होऊन तिला वर्ष होत आलेलं. ती उठून आली, रिम उलटी केली, पाठीमागं अंगठ्यानं धूळ पुसली.

"आई, इथं साडेपाच इंच लिहिलंय. एकशे पंच्याण्णव बरा बसेल, फार तर दोनशे पाच. सव्वादोनशे नको. टायरचं पोट बाहेर येईल, भरल्या गाडीत वळणावर आत घासेल."

दुकानात दोघं-तिघं गिऱ्हाईकं होती. त्यांनी माना वळवल्या. लंकाबाईच्या कानशिलावरची शीर ताठ झाली.

"का गं, माहेरी रिमेवर भाकरी थापायची का तू? आकडे वाचून टायर बसत असते तर गावोगावच्या मास्तरांनी दुकानं टाकली असती! माझी वीत खोटी अन् तुझी धूळ खरी?"

सगळे हसले. नौशादही हसला. हर्षालीनं रिम खाली ठेवली.

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली अन् पुन्हा बिलांशी जाऊन बसली.

टायर चढले. गाडी खरंच पैलवानासारखी दिसायला लागली. नौशादनं लंकाबाईला लग्नाला यायचं आवताण दिलं अन् मोठ्या झोकात निघून गेला. त्या दिवशी लंकाबाईनं चहाबरोबर भजी मागवली. सुनेला विचारलंसुद्धा नाही.

लग्नाला काही ती जाऊ शकली नाही. गुडघा धरला होता. त्यानंतर नौशाद दिसला तो एकदम दुकानाच्या दारात. पुढच्या एका चाकाला स्टेपनी लावलेली, हातात एक टायर. त्यानं तो तिच्या पायाशी ठेवला. आतल्या बाजूनं रबर सोलवटून दोरे बाहेर आले होते.

"हे काय झालं रे?"

"काय सांगू आक्का." तो पायरीवर टेकला. "घोटीहून निघालो, तेव्हापासूनच गाडी डोलत होती. मला वाटलं, माणसं जास्त झाली. मग वळणावर घासल्याचा आवाज, जळका वास. मधेच टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही, माझाच येडेपणा. नवरीच्या कपड्यात पोरगी बाभळीखाली बसली. शेवटी कोबीची पिकअप थांबवली अन् तिच्यात पुढं बसवून सासरच्या दारात नेली. तिकडं सगळं गाव उभं. तिची सासू काय म्हणाली माहितीय? म्हणाली, भाजीबरोबर सून आली, वजन करून घ्या."

दुकानात कुणी हसलं नाही.

"चूक माझीच," नौशाद म्हणाला. "मीच कोंबली माणसं. तुमचं माप कसं चुकेल? तुमच्या टायरची वाट लावली, म्हणून तोंड दाखवायला लाज वाटत होती."

लंकाबाईची नजर बाहेर गाडीवर गेली. दुसऱ्या चाकाचा टायर रिमेच्या बाहेर फुगून आला होता. घट्ट चोळीतून दंड यावा तसा. ती उठली, गुडघ्यावर हात देत चाकापाशी गेली अन् रिमेच्या काठावर बोट ठेवलं. काठ जाड होता. एक काठच तिच्या बोटाएवढा अन् दुसरा तेवढाच, म्हणजे सोडायला हवी होती दोन बोटं. पत्र्याच्या पातळ काठांचा हिशेब तिनं ह्या ओतीव जाडजूड रिमेला लावला होता. हर्षालीनं वाचला तो आकडा खरा होता.

लंकाबाईला ते कळून चुकलं. अन् तोंडातून काय निघावं? सवयीनं निघालं.

"माणसं बघून भरावी रे. गाडी म्हणजे काय कणगी हाय का?"

"खरंय आक्का," नौशादनं मान डोलावली.

लंकाबाईनं चोरून मागं पाहिलं. हर्षाली उभी होती. तिनं एका शब्दानं सासूचं पितळ उघडं पाडलं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. ती मात्र पुढं झाली, सोललेला टायर उचलला अन् लोकांना दोरे दिसणार नाहीत असा भिंतीकडं तोंड करून ठेवला.

ते पाहिलं अन् लंकाबाईचं उरलंसुरलं अवसान गेलं. भर दुकानात जिची अब्रू काढली तीच आता आपली झाकतेय. अन् हा बाप्या, पोरीच्या सासरी खाली मान घालून आला अन् आता इथंही मान खाली घालून बसलाय, आपल्यापुढं.

"नौशाद," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, "नौशाद, माणसांनी काय नाय झालं. टायर मी चुकीचा दिला. रुंद दिला. ही पोरगी सांगत होती, तूबी ऐकलंस. मी तिला हसले."

नौशाद हळूहळू उभा राहिला. गिऱ्हाईकं दुसरीकडं बघायला लागली. त्याच्या चेहऱ्यावरचा तो ओशाळा भाव गेला. त्याच्या जागी काय आलं ते लंकाबाईला बघवेना.

"मी पाव्हण्यांच्या पाया पडलो आक्का," तो म्हणाला. "म्हणलं, माझ्या हलगर्जीपणानं झालं. इन्शा अजून माझ्याशी नीट बोलत नाय."

"उद्या मला सिन्नरला ने. मी तिच्या सासूला सांगते. सगळ्यांसमोर सांगते, बापाची चूक नाय, ह्या म्हातारीची हाय."

"नको."

"अरे, माझ्या तोंडानं सांगते ना..."

"नको आक्का. विषय मिटत आलाय. तुम्ही गेल्या की परत कोबी निघंल, परत सगळे हसतील. पोरीला तिथं राहायचंय."

लंकाबाईनं उभ्या जन्मात कुणाचं 'नको' ऐकून घेतलं नव्हतं. आज घेतलं. आपली चूक आपण जाऊन निस्तरावी, तर तेवढंही आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"चारी टायर बदलून देते," ती म्हणाली. "माझ्याकडून."

"द्या," तो म्हणाला. आढेवेढे घेतले नाहीत, अन् तेच तिला जास्त लागलं. मग तो तिच्या अंगावरून पलीकडं बघत म्हणाला, "भाभी, तुम्ही सांगा. कुठला बसंल?"

हर्षालीनं सासूकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघती?" लंकाबाई म्हणाली. बोलणं खडसावल्यासारखं करायला गेली, पण ते जमलं नाही. "तुला विचारतोय तो. सांग त्याला."