मोजणीच्या दिवशी सहा गाड्या

मी ग्रेडर बोलतोय. खोरिक्सास शहराच्या पुढचा मुरमाचा रस्ता पोटाखालच्या पात्यानं खरवडून सपाट करणं, हे माझं आयुष्य. मागे चाकांवरची एक खोली ओढत न्यायचो. तीत माझा चालक गाओसेब आणि त्याची बायको एमगार्ड राहत. रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत मागे गाड्यांच्या चाकांनी मुरमात पुन्हा आडव्या लाटा उठलेल्या असत. सरकारी नोकरीत याहून कायमचं काम नाही.

माझं डिझेल येई रस्त्याच्या निधीतून आणि तो निधी भरे पेट्रोलपंपावर, लिटरमागे थोड्या करानं. म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या जितक्या अधाशी, तितका मी सुखी. अभिमानानं सांगावं असं हे नाही. काळा धूर ओकत पिकअप जायची आणि मी मनात म्हणायचो, पी बाई, पोटभर पी.

मग कमी पिणाऱ्या गाड्या आल्या. गाओसेबनंही एक जुनी जपानी घेतली, बॅटरीच्या मदतीनं चालणारी.

"निम्म्या तेलात खोरिक्सास!" तो म्हणाला.

"म्हणून तू दोनदा जातोस," एमगार्ड म्हणाली. "वाचलं काय, कपाळ?"

सगळेच काही त्याच्यासारखे उंडगे नव्हते. एकंदरीत धूर घटला, हे मी मान्य करतो. निधीही घटला. पंधरवड्याला फिरणारा मी दोन महिन्यांनी फिरू लागलो. एमगार्डला साखरेचा आजार. तिची इंजेक्शनं आणणारी दवाखान्याची गाडी लाटांवरून खडखडत, उशिरा येऊ लागली.

पुढे रस्त्यांच्या कार्यालयानं ठरवलं, कमी वर्दळीचे रस्ते सोडून द्यायचे. एक साहेब आले, रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकली आणि दिवसभर खुर्चीत बसले. प्रत्येक गाडी नळीवरून गेली की आकडा पुढे सरके.

तो नेमका पेन्शनचा दिवस. सगळं गाव शहराला निघालेलं. गाओसेबनं झाडाखाली थांबलेल्यांना गाडीत कोंबलं. स्वतःची पिकअप काढायला निघालेल्या हेन्ड्रिककाकांनाही त्यानं अडवलं.

"या काका, इथंच बसा. मावशी, ती शेळी मांडीवर घ्या. एकीत मावतं तर दुसरी कशाला जाळायची?"

इतरांनीही तेच केलं. आमच्याकडे रिकामी जागा घेऊन जाणं म्हणजे उद्धटपणाच. संध्याकाळी नळीवर आकडा होता सहा.

"साहेब, माणसं मोजा ना! चाळीसच्या वर होती," गाओसेब म्हणाला.

"नळीला माणसं कळत नाहीत, मामा."

रस्ता देखभालीच्या यादीतून गेला. दवाखान्याच्या गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटले, तेव्हापासून ती येत नाही. एमगार्ड इंजेक्शनांसाठी बहिणीकडे शहरात राहायला गेली. गाओसेबची काटकसरी गाडी लाटांवर रांगताना जास्त पिऊ लागली, आणि एक दिवस तिचा आस मोडला.

आता मी गावाच्या टोकाला उभा आहे. पात्याला गंज चढलाय. गाओसेब माझा राखणदार. तुमची गाडी थोडक्यात भागवत असेल तर चांगलंच आहे. मला पुन्हा धुरावर जगायचं नाही. फक्त ज्या रस्त्यावरून ती धावते त्याचं पोट आता कशावर भरायचं, एवढं कुणीतरी वेळेवर ठरवा.

दर शुक्रवारी गाओसेब बायकोला भेटायला निघतो. डांबरी रस्त्यापर्यंत अठरा किलोमीटर पायी. निघताना माझ्या पात्यावर हात ठेवतो. लाटा त्याच्या पायांखालीही आहेत, आणि मी जागचा हलू शकत नाही.