ह्वांगांच्या नातवाचं दूध

"पिशव्यांवरचं नाव कुणी बदललं?" मी विचारलं.

आजीबाईंनी फरचा कोट सावरला. "मीच. ह्वांग घराण्याचा नातू आहे तो. सुनेचं नाव कशाला मिरवायचं?"

अशा बायकांचा मला मनापासून तिटकारा आहे. मी जन्जू शहरातल्या ज्या वॉर्डात नर्स आहे, तिथे अपुऱ्या दिवसांची, तळहाताएवढी बाळं असतात. बाळाच्या पायातल्या पट्टीवर आणि आईने काढून पाठवलेल्या दुधाच्या पिशवीवर आईचंच नाव असतं. दोन्ही जुळली तरच दूध बाळाच्या नळीत जातं. आमच्याकडे लग्नानंतरही बाईचं आडनाव माहेरचंच राहतं, म्हणजे या आजीबाई स्वतःही ह्वांग नाहीत. पण तोरा बघावा!

वॉर्डात आणखी एक ह्वांग बाळ होतं आणि त्याच्या आजीनेही हीच अक्कल पाजळली होती. दोघींच्या पिशव्या बाहेरच्या फ्रिजमध्ये एकत्र पडल्या होत्या. सगळ्यांवर नुसतं 'ह्वांग'. आता कुठलं दूध कुणाचं, हे त्यांच्या पूर्वजांनाही सांगता आलं नसतं.

हे दूध कुठल्याच बाळाला देता येणार नाही, असं मी सांगितलं. त्यावर आजीबाईंनी डॉक्टरांची धमकी दिली, माझं खानदान काढलं, सुनेला बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप पाजून पाजून दूध आणल्याचं ऐकवलं. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. हा गृहस्थ कंपनीत साहेब आहे म्हणे. तो बुटांकडे बघत राहिला.

सुनेला कुणीतरी फोन केला असावा. संध्याकाळी ती आली, प्यो उन्सल. अंगात ताप, पोटावर टाके. तिला दूध जेमतेम उतरत होतं, हे मला ठाऊक होतं. ती माझ्या पाया पडेल म्हणून मी मन घट्ट करून बसले होते.

"दुसरीचं असेल तर माझ्या बाळाला काही होईल?" तिने विचारलं.

"होऊ शकतं. दुसरीला काय आजार, काय औषधं, आपल्याला माहीत नसतं."

"सूनबाई, वेडेपणा करू नकोस," सासू म्हणाली. "दूध ते दूध."

उन्सलने कात्री मागून घेतली. एकेका पिशवीचा कोपरा कापून तिने सगळं दूध सिंकमध्ये ओतलं. शेवटच्या पिशवीपर्यंत थांबली नाही. सिंक धुतलं, अंगातला स्वतःचा कोट काढून सासूच्या हातात दिला आणि दूध काढायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आजीबाई सुनेचा कोट धरून दाराशी उभ्या राहिल्या. मी खुर्ची सरकवली, तरी बसल्या नाहीत.