परत केलेली ट्रॉली

मित्रांनो, मी ट्रॉली. दवाखान्यातली नव्हे, विमानतळावरची तर नव्हेच. किराणा दुकानातली. लोखंडी तारांची जाळी, चार चाकं आणि ढकलायला एक आडवा लाल दांडा, एवढाच माझा देह. त्यातलं पुढचं डावं चाक जन्मापासून नाठाळ. मला सरळ ढकललं की मी डावीकडे जाते. कारखान्यात तपासणाऱ्या माणसाने मला एकदा ढकलून पाहिलं, डोकं खाजवलं आणि चहाची वेळ झाली म्हणून पास करून टाकलं. माझ्या जन्माची हकिकत एवढीच. फुगवून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

ज्या दुकानात मी आले त्याच्या गावात चार शाखा होत्या. पाटीवर मालकांचं आडनाव होतं, पण ते कोणी घेत नसे. गाव नुसतं ‘आपलं’ म्हणायचं. “कुठे निघालीस?” “जरा आपल्याकडे जाऊन येते.” “साबण कुठला हा?” “आपल्यातला.” नवखा पाहुणा बुचकळ्यात पडायचा. त्याला वाटायचं, गावात सगळ्यांच्या घरी साबणाचा कारखाना आहे.

एकदा एक बाई कडेवर पोर आणि माझ्यात पिठाचं पोतं घेऊन दारात अडून राहिली. थोरले मालक गल्ल्यावर होते. ते म्हणाले, “अगं, घेऊन जा तशीच. उद्या येशील तेव्हा आण.” दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिची शेजारीण दुकानात निघाली होती, तिने मला ढकलत आणलं. झालं, पद्धत पडली. सामान घ्यायचं, ट्रॉली घरापर्यंत न्यायची, दारात लावायची. ज्याला दुकानात जायचं असेल त्याने जवळच्या दारातली उचलायची. कोणी विचारायचं नाही, कोणी लिहून ठेवायचं नाही. गल्लीगल्लीत आम्ही उभ्या असायचो. मधल्या वेळात आम्ही गॅसच्या टाक्या वाहिल्या, ओल्या चादरी वाहिल्या, एकदा तर स्वतःच्या लग्नात नाचून पाय मुरगळलेला नवरदेव वाहिला.

फिरता फिरता मी चढावरच्या गल्लीत, शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या दारात जाऊन पोचले आणि तिथलीच झाले. काकू मोरीत घसरून पडल्या होत्या. उजवा खुबा मोडला. डॉक्टरांनी जोडला, पण तो काही पूर्वीसारखा जुळला नाही. चालताना त्या उजवीकडे कलायच्या. मी डावीकडे ओढायची. दोघी मिळून सरळ चालायचो.

हे त्यांच्या लक्षात आलं त्या दिवसापासून मला दुसऱ्या कोणी हात लावायची सोय राहिली नाही. दांडा हाताला थंड लागतो म्हणून त्यांनी त्यावर फुलाफुलांच्या कापडाची पट्टी गुंडाळली आणि वर टाके घातले. एकदा मांजरीने माझ्यात पिल्लं घातली. काकूंनी ती एकेक उचलून खोक्यात ठेवली आणि मांजरीला म्हणाल्या, “बाळंतपण करते तुझं, पण गाडी माझी.”

रोज सकाळी आम्ही दुकानात जायचो. रोज. काकूंची सून त्याच दुकानात बिलाच्या काउंटरवर होती. ती म्हणायची, “आई, मी तिथेच असते ना दिवसभर. येताना आणत जाईन तुमची लिंबं.”

“तू तुझी आण. माझी मी आणते.”

“अहो, पण दोन लिंबांसाठी एवढं चालत?”

“लिंबांसाठी कोण जातंय, खुळे?”

मित्रांनो, मी जड सामान खूप वाहिलं. पण माझं खरं काम ती दोन लिंबं होती.

मग दुकान विकलं गेलं. थोरले मालक थकले होते आणि धाकट्यांना गल्ल्यावर बसायचा कंटाळा होता. त्यांनी चारही शाखा एका मोठ्या कंपनीला देऊन टाकल्या आणि कोणाला सांगितलं नाही. शिडीवर चढून एक माणूस पाटीचे स्क्रू काढू लागला तेव्हा गावाला कळलं. खाली हीऽ गर्दी.

“विकलं म्हणजे? आपलं कसं विकतात?”

“त्यांचं होतं, त्यांनी विकलं.”

“मग इतकी वर्षं आपण आपलं आपलं काय म्हणत होतो?”

तेवढ्यात पाटी खाली आली. मागे भिंतीचा तेवढाच तुकडा स्वच्छ उरला होता.

गर्दीत सभापती होते. हे कुठल्या सभेचे सभापती नव्हेत. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. पण गावात कुठेही चार माणसं जमली आणि एक खुर्ची असली, की त्या खुर्चीवर हेच बसलेले असतात, म्हणून सगळे त्यांना सभापती म्हणतात. ते पायरीवर चढून म्हणाले, “यांच्या दुकानात कोणीही पाऊल ठेवायचं नाही!” सगळ्यांनी हात वर केले. मी नीट पाहिलं, सगळ्यांनी.

आठवडा सरायच्या आत नव्या कंपनीने तेलाच्या एका बाटलीवर दुसरी फुकट दिली. रांग दुकानातून निघून रस्ता ओलांडून थेट चष्म्याच्या दुकानापर्यंत गेली. सभापतीही रांगेत होते. “मी परिस्थिती बघायला आलोय,” ते म्हणाले. परत जाताना परिस्थिती त्यांच्या दोन्ही बगलांत होती.

मला लोकांचा राग येत नाही. मी लोखंड आहे. पण डोळ्यांवर कातडं ओढून घेण्याची एवढी हौस मी दुसऱ्या कुठल्या प्राण्यात पाहिली नाही.

नव्या साहेबांनी दुकान ताब्यात घेतलं तेव्हा ट्रॉल्या मोजल्या. कागदावर ढीगभर, दुकानात मूठभर. साहेब परगावचे. त्यांना इथली पद्धत ठाऊक नव्हती आणि विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी दाराला फलक लावला: ‘चोरीस गेलेल्या ट्रॉल्या परत आणून देणाऱ्यांवर कारवाई केली जाणार नाही.’

चोरीस! या एका शब्दाने गाव पेटलं. मालकांनी न सांगता विकलं ते गिळलं, जुन्यातले निम्मे कामगार घरी बसवले तेही गिळलं, तेल तर आनंदानेच गिळलं. पण चोर? सभापतींच्या दुकानापुढे सभा झाली.

“आम्ही चोर?”

“आमच्या बापजाद्यांनी कोणाची काडी उचलली नाही!”

“एकही ठेवायची नाही! वाजतगाजत नेऊ आणि त्यांच्या तोंडावर आपटू!” सभापती म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

साहेबांना जाऊन ‘अहो, ही चोरी नव्हे, ही आमच्याकडची पद्धत आहे’ असं सांगावं, हे एकालाही सुचलं नाही. सांगितलं असतं तर साहेब हसले असते किंवा भांडले असते, काहीतरी झालं असतं. पण भांडण्यापेक्षा डबे वाजवणं सोपं.

भर दुपारी मोर्चा निघाला. गल्लीगल्लीतून ट्रॉल्या गोळा करत, रिकामे डबे बडवत तो चढावर आला. काकू औषध घेऊन झोपल्या होत्या. त्यांचा मुलगा वायरमन आहे. तोही मोर्च्यात होता, घामाघूम, लालबुंद, खुशीत. सभापतींनी माझा दांडा धरला तेव्हा मात्र तो पुढे झाला.

“अहो, ही आईची...”

“आईला चोर म्हणवून घ्यायचंय का तुला?”

मुलाने फाटकाची कडी स्वतःच काढली.

दुकानाच्या आवारात आम्हाला आणून सोडलं. तोंडावर आपटणार होते ना? साहेब दारात हात जोडून उभे होते. “सहकार्याबद्दल आभारी आहे,” ते म्हणाले आणि प्रत्येकाच्या हातात थंड सरबताची बाटली दिली. आम्हाला गोळा करायला त्यांनी टेम्पो सांगून ठेवला होता, तो रद्द केला. मोर्च्याने सरबत प्यायलं, घोषणा दिल्या आणि विजयी होऊन घरी गेला.

त्यानंतर माझं भाग्य उजळलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मला धुतलं, तेल दिलं. नाठाळ चाक काढून नवं बसवलं. कापडाची पट्टी ब्लेडने कापून टाकली. आवाराभोवती पिवळी रेघ मारली आणि आमच्या एकेका चाकात कुलूप घातलं. रेघेवरून गेलं की चाक जागच्या जागी आवळतं. आता मी छपराखाली, रांगेत, चकचकीत उभी असते. आयुष्यात इतकी देखणी मी कधी नव्हते.

काकूंची खबर मला सुनेकडून कळायची. ती शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीशी बोलायची.

“आई काय म्हणतात?”

“बसून असतात. यांनी वॉकर आणलाय. त्यावर टॉवेल वाळत घालतात.”

“वापरत का नाहीत?”

“म्हणतात, वॉकर धरला की मी म्हातारी, ट्रॉली धरली की मी गिऱ्हाईक.”

मैत्रीण खो खो हसली. सून हसली नाही. “पाय आखडत चाललाय गं. डॉक्टर म्हणाले, अशाच बसून राहिल्या तर पुढे उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही.”

ती साहेबांकडे गेली. एक ट्रॉली मागितली. साहेब दुष्ट नव्हते, दुष्ट असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “एकाला दिली तर सगळे मागतील हो.”

“सगळ्यांकडे होत्याच, साहेब.”

“म्हणूनच,” साहेब म्हणाले.

आणि एका सकाळी सुनेचा हात धरून काकू दुकानात आल्या. सून कामावर चढली. काकू आमच्या रांगेपाशी आल्या, एकेक दांडा निरखत. उन्हाने आमचे सगळे दांडे विटले होते. माझ्यावर पट्टी होती तेवढी जागा मात्र अजून लालभडक होती. त्यांनी मला ओढून काढलं.

पहिल्याच वळणाला आम्ही बिस्किटांच्या मनोऱ्यावर गेलो. त्या उजवीकडे कलल्या आणि मी, नव्या चाकाची, त्यांच्या मागोमाग.

“काय केलं गं तुझं यांनी?” त्या पुटपुटल्या. “सरळ केली होय!”

दोन लिंबं घेतली, बिल केलं. सून म्हणाली, “आई, त्या बाकावर बसा. जेवायच्या सुट्टीत मी सोडते घरी.” काकू हो म्हणाल्या आणि बसल्या नाहीत. मला ढकलत त्या आवारात आल्या, थेट पिवळ्या रेघेवर. चाक आवळलं. त्यांनी जोर लावला. मी हलले नाही. हलता येईना.

मागे माणसं तुंबली. सगळ्यांत पुढे सभापती, गळ्याएवढी भरलेली ट्रॉली घेऊन.

“काकू, जरा बाजूला घेता का? लोक खोळंबलेत.”

काकूंनी मान वळवली. “कोण, तू होय? बरा सापडलास. ही माझ्या दारातून तूच नेलीस ना?”

“मी म्हणजे... सगळ्यांनीच. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता, काकू.”

“असेल. माझा घरी जायचा प्रश्न आहे. ढकल.”

सगळे बघत होते. सभापतींनी बाह्या वर केल्या आणि ढकललं. आवळलेलं चाक फरशीवर खरडत असं किंचाळलं की आतून रखवालदार धावत आला. “ओ काका, चाक मोडेल! भरून द्यावं लागेल!”

सभापतींनी हात काढून घेतले. “आता नियमच झालाय ना तसा, काकू. काय करणार?”

काकूंनी माझ्यातली लिंबं काढून पिशवीत टाकली. मग सभापतींचं कोपर घट्ट पकडलं.

“चल.”

“कुठे?”

“चढावर. ट्रॉली नेलीस ना? आता तूच ट्रॉली हो.”

“अहो, पण माझं सामान...”

“ट्रॉलीचं कसलं आलंय सामान? चल, आणि डावीकडे ओढ जरा. मी उजवीकडे जाते.”

लोक हसले. सभापती इकडेतिकडे बघत राहिले, पण कोपर काही सुटेना. शेवटी निघाले. इथून चढ दिसतो. ती दोघं फार हळू गेली, पण सरळ गेली. मागे सभापतींच्या ट्रॉलीत लोणी वितळून पिठाच्या पुड्यावर पसरलं.

आता काकू रोज सुनेबरोबर येतात. आतल्या आत मला फिरवतात, रेघेपर्यंत आणतात आणि उभ्या राहतात. ‘मदत कर’ असं त्या कोणालाही म्हणत नाहीत. एवढंच विचारतात, “मोर्च्यात तू होतास ना रे?” आणि कोपर पकडतात. मोर्च्यात अख्खं गाव होतं, त्यामुळे माणूस मिळतोच. काही जण हसत जातात. काही जण काकूंची वेळ टाळून दुपारी येऊ लागले आहेत. सभापती बायकोला पाठवतात. मुलगा सुट्टीच्या दिवशी येतो. त्याला विचारावं लागत नाही, तो खाली मान घालून कोपर पुढे करतो. काकूंचा पाय आखडायचा थांबला आहे.

मित्रांनो, आपली हकिकत सांगून झाली की आम्ही वस्तू म्हणतो, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी उत्तम चालली आहे, एवढी की मी कोणाच्या दारात पोचू शकत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की रागाच्या भरात एखादी वस्तू कोणाच्या तोंडावर फेकायला निघालात, तर ती कोणाच्या हातातून जाते आहे ते आधी बघा. तो माणूस झोपला असेल तर उठवा. विचारा. डबे नंतर वाजवा.

आणि या आवारातून कधी जात असाल तर कोपर पुढे करा. मोर्च्यात तुम्ही नव्हतात, मला माहीत आहे. काकूंना ते पटायचं नाही.